185 फुटांचा लपवलेला कळस: न्यूयॉर्कमधल्या 1929 च्या उंचीच्या शर्यतीचं प्रकरण

जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग कोणती हा विषय निघाला की सगळे थेट दुबईवर जातात. पण ही शर्यत खेळतात कशी, हे समजून घ्यायचं असेल तर मी कोणालाही 1929 चं न्यूयॉर्क वाचायला सांगेन. मॅनहॅटनच्या एकाच बेटावर, जेमतेम दोन वर्षांत, तीन टॉवर एकमेकांवर कुरघोडी करत वर चढले. त्यात दोन जुने पार्टनर समोरासमोर आले, दोन मोटर कंपन्यांची माणसं समोरासमोर आली, मधेच शेअर बाजार कोसळला, तरी कोणी थांबलं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: या शर्यतीत जो आपला आकडा आधी जाहीर करतो तो हरतो. स्टील किती मजबूत, क्रेन किती मोठी हे सगळं होतंच, पण खरा निकाल लागला तो आकडा कोणी शेवटपर्यंत झाकून ठेवला यावर.

आधी थोडं बॅकग्राउंड. 1913 पासून जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग होती न्यूयॉर्कचीच वूलवर्थ, 792 फूट. मग 1915 मध्ये इक्विटेबल नावाची बिल्डिंग आली, ती फुटपाथपासून सरळसोट वर गेली, कुठे मागे सरकणं नाही काही नाही, आजूबाजूच्या गल्ल्या अंधारात गेल्या आणि लोक भडकले. त्या ओरड्यातून 1916 चा झोनिंग कायदा झाला. त्यात असं होतं की बिल्डिंग जसजशी वर जाईल तसतशी रस्त्यापासून मागे घ्यायची, पायऱ्या-पायऱ्यांनी, पण एकदा का ती प्लॉटच्या 25 टक्के भागापुरती उरली की मग त्या भागावर कितीही उंच जा, मर्यादा नाही. आपल्याकडे बिल्डर एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) कुठे आणि कसा वापरता येईल याचं गणित करत बसतो ना, तसंच तिकडे या 25 टक्क्यांचं गणित सुरू झालं. म्हणजे उजेड वाचवायला केलेल्या कायद्यानेच सुईसारख्या टॉवरला वाट करून दिली. उंचीची शर्यत म्हटलं की सगळे श्रीमंतांच्या अहंकाराबद्दल बोलतात, तो होताच, पण कायद्यातली ही फट नसती तर तो अहंकार वीस-तीस मजल्यांवरच थांबला असता.

आता माणसं. विल्यम व्हॅन ॲलन आणि एच. क्रेग सेव्हरन्स हे दोघे आर्किटेक्ट, बरीच वर्षं पार्टनर. व्हॅन ॲलन पॅरिसमध्ये शिकून आलेला, डिझाइनमध्ये धाडसी. सेव्हरन्सचा हात क्लायंट मिळवण्यात आणि धंदा सांभाळण्यात. अशी जोडी किती ठिकाणी बघतो आपण, एक डोकं आणि एक जीभ, आणि मग नाव कोणाचं जास्त होतंय यावरून बिनसतं. 1924 च्या सुमारास त्यांचं तुटलं, आणि नीट तुटलं नाही.

व्हॅन ॲलनकडे रेनॉल्ड्स नावाच्या डेव्हलपरचं काम होतं, लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू आणि 42 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर टॉवर बांधायचं. जमीन मालकीची नव्हती, कूपर युनियन या कॉलेजची होती, लीजवर घेतलेली. रेनॉल्ड्सकडे बांधायचे पैसे उभे राहिले नाहीत आणि ऑक्टोबर 1928 मध्ये त्याने लीज आणि प्लॅन दोन्ही विकले वॉल्टर क्रायस्लरला. हा क्रायस्लर म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून हात काळे करून वर आलेला माणूस, तेव्हा मोटर कंपनीचा मालक. बिल्डिंगचा पैसा त्याने कंपनीचा लावला नाही, स्वतःच्या खिशातला लावला, मुलांच्या हातात काहीतरी काम राहावं म्हणून. आणि त्याला बिल्डिंग साधी नको होती, 31 व्या मजल्यावर गाडीच्या रेडिएटरची झाकणं कोपऱ्यांवर, 61 व्या मजल्यावर स्टीलचे गरुड, आणि वर चकाकणारा स्टेनलेस स्टीलचा मुकुट.

इकडे सेव्हरन्सला मिळालं खाली वॉल स्ट्रीटवरचं काम, 40 वॉल स्ट्रीट, बँक ऑफ मॅनहॅटनची बिल्डिंग. मागे पैसा लावणारा जॉर्ज ओरस्ट्रॉम नावाचा तरुण बँकर. बांधणारे स्टॅरेट बंधू, त्या काळातले सगळ्यात वेगवान कॉन्ट्रॅक्टर म्हणता येतील असे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. मे 1929 मध्ये काम सुरू झालं आणि वेग असा की एका बाजूला जुन्या बिल्डिंगा पाडतायत आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला नवीन पाया घालतायत, वर्षभराच्या आत टॉवर वापरायला तयार. आजसुद्धा 70 मजले एका वर्षात म्हटलं तर साइटवरची माणसं हसतील.

तर आता आकड्यांची चढाओढ बघा. 40 वॉल स्ट्रीट आधी जाहीर झाली 840 फुटांची. क्रायस्लरच्या बिल्डिंगचा आकडा रेनॉल्ड्सच्या वेळी 800 च्या थोडा वर होता, तो वाढून 925 झाला. मग सेव्हरन्सच्या टीमने मजले वाढवले, वर निमुळतं छप्पर, त्यावर दिव्याचा मनोरा, त्यावर झेंड्याची काठी, आणि शेवट आला 927 फुटांवर. 925 ला उत्तर 927, दोन फुटांनी! अख्खा टॉवर, हजारो टन स्टील, आणि फरक माझ्यापेक्षाही कमी उंचीचा. सेव्हरन्सला वाटलं झालं, जुन्या पार्टनरला मात दिली. त्याच्यासमोर 925 हा आकडा होता आणि त्याने त्या आकड्याला हरवलं होतं.

व्हॅन ॲलनने मात्र तोपर्यंत दुसरंच काहीतरी करून ठेवलं होतं. त्याने 185 फुटांचा स्टीलचा एक टोकदार कळस डिझाइन केला, त्याला ते लोक व्हर्टेक्स म्हणत. वजन 27 टन. तो तुकड्या-तुकड्यांत साइटवर आला आणि रस्त्यावरून कोणाला काही दिसणार नाही अशा तऱ्हेने बिल्डिंगच्या माथ्याच्या आतच जुळवला गेला. विचार करा, 60-65 मजल्यांच्या वर, अर्धवट बांधलेल्या घुमटाच्या पोटात, एक अख्खा मनोरा उभा आहे आणि खाली शहरात चर्चा चाललीय की वॉल स्ट्रीटवाले जिंकले. 23 ऑक्टोबर 1929 ला डेरिक नावाच्या क्रेनने तो वर सरकवायला सुरुवात केली, साधारण दीड तासात कळस जागेवर बसला आणि बिल्डिंग 1046 फुटांची झाली. व्हॅन ॲलन खाली रस्त्यावर लांब उभा राहून बघत होता, नंतर त्याने लिहिलंय की कोशातून फुलपाखरू बाहेर यावं तसा तो कळस घुमटातून हळूहळू वर आला. वूलवर्थ तर मागे पडलीच, पॅरिसचा आयफेल टॉवरही मागे पडला, माणसाने बांधलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ती आता उंच होती.

तारीख परत वाचा, 23 ऑक्टोबर 1929. दुसऱ्या दिवशी, 24 ला, वॉल स्ट्रीटचा काळा गुरुवार. आठवड्याभरात बाजार झोपला. ज्या पैशाच्या जोरावर ही उंची उभी राहत होती तो पैसा, कळस बसला त्याच आठवड्यात विरघळायला लागला होता.

इथे जरा कामगारांकडे येऊ, कारण आर्किटेक्ट आणि मालकांची नावं सगळ्यांना माहीत असतात. त्या काळी स्टीलचे तुकडे जोडायचे ते रिव्हेट मारून, आणि चौघांची एक गँग असायची. पहिला छोट्याशा भट्टीत रिव्हेट लाल करायचा आणि चिमट्याने उडवायचा, दुसरा तो पेटता खिळा पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात बसवायचा, तिसरा एका बाजूने दाबून धरायचा आणि चौथा दुसऱ्या बाजूने हवेच्या हातोड्याने ठोकायचा. हे सगळं शेकडो फुटांवर, अरुंद बीमवर उभं राहून, वाऱ्यात. झेल सुटला तर लाल रिव्हेट खाली रस्त्यावर. क्रायस्लर बिल्डिंगमध्ये अशा रिव्हेटची संख्या 3,91,881 नोंदवलेली आहे, मला हा आकडा उंचीच्या आकड्यापेक्षा जास्त भारी वाटतो, कारण त्यातला प्रत्येक रिव्हेट कोणीतरी भाजलाय, फेकलाय, झेललाय, ठोकलाय. आणि क्रायस्लरचा सांगाडा उभारताना एकही कामगार मेला नाही, त्या काळात हे फार मोठं होतं. शर्यत होती, गडबड होती, तरी ते जमलं, म्हणजे मनात असेल तर जमतं. या कामात मोहॉक या मूळ अमेरिकन जमातीची माणसंही मोठ्या संख्येने होती, कॅनडातल्या कानवाके वस्तीतून पिढ्यान्‌पिढ्या पूल आणि टॉवरच्या स्टीलवर चढणारी.

आता 40 वॉल स्ट्रीटवाले गप्प बसले का? नाही. त्यांच्या बाजूने सल्लागार आर्किटेक्ट श्रीव्ह आणि लॅम्ब पुढे आले आणि म्हणाले की उंची म्हणजे काय ते आधी ठरवा. आमचा सगळ्यात वरचा वापरायचा मजला 836 फुटांवर आहे, क्रायस्लरचा 783 वर. त्यांच्या टोकावर कोणी जाऊ शकत नाही, ते नुसतं शोभेचं. मग खरं उंच कोण? माझं मत विचाराल तर त्यांचा मुद्दा बरोबर होता. क्रायस्लरचा कळस देखणा आहे, तो काढला तर बिल्डिंग बोडकी दिसेल, पण त्याच्या आत शिडीशिवाय काही नाही. बिल्डिंग ही माणसांनी वापरायची गोष्ट असेल तर माणूस जिथपर्यंत पोचतो ती तिची उंची, असं मला वाटतं. पण लोकांनी हे ऐकून घेतलं नाही. लोकांना आकाशाला टेकलेलं टोक दिसतं, शेवटचा मजला कुठे संपला ते खालून कळत नाही.

आणि गंमत अशी की हेच श्रीव्ह आणि लॅम्ब त्याच वेळी तिसऱ्या टॉवरवर काम करत होते.

तो टॉवर म्हणजे एम्पायर स्टेट. त्याच्या मागे जॉन रास्कोब, जनरल मोटर्सच्या पैशाचं गणित सांभाळलेला माणूस, म्हणजे क्रायस्लरच्या थेट विरोधी गोटातला. आणि चेहरा होता अल स्मिथचा, न्यूयॉर्कचा माजी गव्हर्नर, 1928 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हूवरकडून हरलेला. ऑगस्ट 1929 मध्ये त्यांनी घोषणा केली, साधारण 1000 फूट, 80 मजले. पण नंतर क्रायस्लरचा 1046 समोर आला, त्यामुळे प्लॅन वाढवून छप्पर नेलं 1050 फुटांवर. फरक किती? चार फूट! आणि रास्कोबला झोप लागेना, कारण क्रायस्लरने एकदा टोक लपवून आणलंय, परत काहीतरी आतून काढलं तर? म्हणून डिसेंबर 1929 मध्ये जाहीर झालं की वर 200 फुटांचा मनोरा येणार, आणि कारण सांगितलं की तिथे गॅसवर तरंगणारी हवाई जहाजं बांधून ठेवता येतील, प्रवासी 102 व्या मजल्यावरून खाली उतरतील. एकूण 1250 फूट. त्या उंचीवरच्या वाऱ्यात शंभर-दोनशे मीटर लांबीचं गॅस भरलेलं जहाज नुसतं नाकाने बांधून ठेवायचं आणि माणसांनी फळीवरून उतरायचं, हे कोणत्याही इंजिनिअरला ऐकताक्षणी खटकलं असतं. 1931 मध्ये एक छोटं जहाज तीन मिनिटं कसंबसं बांधलं गेलं, तेवढंच. मनोरा उंचीसाठी होता, सबब नंतर शोधली गेली.

पण बांधकाम म्हणून एम्पायर स्टेट हा चमत्कारच आहे आणि त्याला पूर्ण मार्क दिले पाहिजेत. कॉन्ट्रॅक्टर कोण? तेच स्टॅरेट बंधू, सोबत त्यांचा पार्टनर एकेन. म्हणजे हरलेल्या बिल्डिंगची टीम, सल्लागार आणि बांधणारे दोन्ही, शर्यत जिंकणाऱ्या बिल्डिंगवर. 40 वॉल स्ट्रीटवर कमावलेली घाई इथे कामाला आली. 17 मार्च 1930 ला सुरुवात, 1 मे 1931 ला उद्घाटन, 410 दिवस. आठवड्याला साधारण साडेचार मजले. 57,000 टन स्टील, साइटवर ठेवायला जागाच नाही म्हणून लागेल तेव्हाच, लागेल त्या क्रमाने येणार आणि लगेच वर चढणार. मजल्यांवर छोटे रूळ टाकलेले, त्यावरून ढकलगाड्यांनी माल फिरायचा. विटा ट्रकमधून थेट तळघरातल्या हौदात आणि तिथून वर, हाताने उचलून रचणं बंद. कामगारांना जेवायला खाली यायला लागू नये म्हणून वरच्या मजल्यांवर कँटीन काढली, ती बिल्डिंग वाढेल तशी वर सरकत गेली. एका दिवशी जास्तीत जास्त 3,400 च्या वर माणसं कामावर होती. अधिकृत नोंदीप्रमाणे पाच कामगार गेले.

क्रायस्लर बिल्डिंगचं उद्घाटन झालं 27 मे 1930 ला, आणि एम्पायर स्टेटचं 1 मे 1931 ला. म्हणजे किताब टिकला 11 महिने. लपवालपवी, जुनं वैर, 27 टनांचा कळस, एवढं सगळं 11 महिन्यांसाठी. एम्पायर स्टेटचा मात्र जवळजवळ 40 वर्षं टिकला, पण त्याचं मोठं कारण मंदी आणि मग महायुद्ध, नवीन टॉवर बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तर टॉवर 1970 च्या शेवटी वर गेला तेव्हा कुठे तो मोडला.

आणि धंद्याचं काय? एम्पायर स्टेट उघडली तेव्हा जेमतेम पाव भाग भाड्याने गेला होता, लोक तिला एम्प्टी स्टेट म्हणायला लागले. पहिल्या वर्षी वरच्या गच्चीवरून शहर बघायला आलेल्यांच्या तिकिटांतून सुमारे 20 लाख डॉलर आले, आणि तेवढेच ऑफिसांच्या भाड्यातून! बिल्डिंग फायद्यात यायला 1950 चं दशक उजाडलं. खरं तर 1930 मध्येच दोन अभ्यासकांनी ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळच्या एका प्लॉटचं गणित मांडलं होतं, म्हणजे क्रायस्लरच्या शेजारचंच म्हणा. त्यात सगळ्यात जास्त परतावा निघाला 63 मजल्यांना. त्याच्या वर गेलात की लिफ्ट वाढतात, लिफ्टच्या विहिरी प्रत्येक खालच्या मजल्याची जागा खातात, वाऱ्यासाठी स्टील वाढतं, आणि वरच्या मजल्यांची जागा चिंचोळी. म्हणजे 63 मजले कमाईसाठी बांधलेले मानले तर त्याच्या वरचं सगळं नावासाठी. नावाचीही किंमत असते हे मला मान्य आहे, क्रायस्लरला त्या टोकाने जी प्रसिद्धी दिली ती पेपरात जाहिराती देऊन मिळाली नसती. पण मग हिशोबात ते जाहिरातीच्या खात्यात लिहावं, ऑफिसच्या भाड्यातून सुटेल असं बँकेला सांगू नये.

मोजायचं कसं हे भांडण मात्र तिथे संपलं नाही. 1990 च्या दशकात मलेशियाच्या पेट्रोनास टॉवर्सनी शिकागोच्या सिअर्स टॉवरला मागे टाकलं, 452 मीटर विरुद्ध 442, आणि तेही कळसाच्या जोरावर, सिअर्सचा वापरातला मजला आणि छप्पर पेट्रोनासच्या वर असूनसुद्धा. त्यावरून एवढा गदारोळ झाला की उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या कौन्सिलने उंची मोजायचे वेगवेगळे प्रकार केले. कळस धरायचा, अँटेना धरायची नाही, हा नियम मात्र राहिला. बुर्ज खलिफाच्या 828 मीटरपैकी वरचे 244 मीटर माणसांच्या वापराचे नाहीत. आणि बुर्जची नक्की उंची 4 जानेवारी 2010 ला, उद्घाटनाच्या दिवसापर्यंत जाहीर केली नव्हती, व्हॅन ॲलनचा धडा 80 वर्षांनी तसाच्या तसा गिरवलेला.

आपल्या मुंबईतलं उलट उदाहरण आठवतं. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन जाहीर झाला तेव्हा 442 मीटर, जगातला सगळ्यात उंच राहण्याचा टॉवर असं मोठमोठ्याने सांगितलं गेलं. विमानतळवाल्यांकडून त्या उंचीची परवानगी मिळाली नाही आणि टॉवर 280 मीटरवर थांबला. मी त्या भागातून जातो तेव्हा वर बघतोच, टॉवर वाईट नाहीये, पण डोक्यात तो 442 चा आकडा बसलेला असल्यामुळे अपुरा वाटतो, आणि हे त्या टॉवरवर अन्याय करणारं आहे. आकडा आधी सांगितल्याची किंमत अशीही मोजावी लागते.

शेवटी व्हॅन ॲलन, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. क्रायस्लरने काम हातात घेतलं तेव्हा याने लेखी करार केलाच नाही. बिल्डिंग झाल्यावर त्याने नेहमीच्या दराने 6 टक्के फी मागितली, बांधकामाचा खर्च 1 कोटी 40 लाख डॉलर धरून 8 लाख 40 हजार डॉलर. क्रायस्लरने द्यायचं नाकारलं, वर कॉन्ट्रॅक्टरांकडून पैसे खाल्ल्याचा आरोप केला. व्हॅन ॲलन कोर्टात गेला, आणि जिंकलासुद्धा, पैसे मिळाले. पण क्लायंटला कोर्टात खेचणारा आर्किटेक्ट अशी ख्याती झाली, आरोपाचा डाग राहिला आणि त्यात मंदी. त्यानंतर त्याला एकही मोठी बिल्डिंग मिळाली नाही. पुढे तो शिल्पकला शिकवू लागला, 1954 मध्ये वारला. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या स्कायस्क्रेपर म्युझियमने शंभर आर्किटेक्ट, बिल्डर, इंजिनिअर, इतिहासकार वगैरे लोकांना शहरातले आवडते टॉवर निवडायला सांगितले, तेव्हा पहिला नंबर क्रायस्लरचा आला. उंचीचा किताब जाऊन तेव्हा 74 वर्षं झाली होती.

त्याचा एक फोटो आहे, जानेवारी 1931 मधला, आर्किटेक्ट लोकांच्या वेषभूषा पार्टीचा. प्रत्येकजण आपापल्या बिल्डिंगचा पोशाख घालून ओळीत उभा आहे, आणि मधे व्हॅन ॲलन, अंगावर क्रायस्लर बिल्डिंग, डोक्यावर तिचाच चकाकणारा मुकुट आणि त्यावर तो कळस. एम्पायर स्टेटचं उद्घाटन तेव्हा साधारण तीन महिन्यांवर होतं, पण तिचा सांगाडा 34 व्या रस्त्यावर केव्हाच वर गेलेला होता, शहरात कुठूनही दिसायचा, त्या पार्टीला येतानाही त्याला दिसला असणार.